पौष्टिक कोपरा

४ मार्च

वन्सं, नमस्कार.

फोनवर तुम्ही मला दोन वाक्यांच्या वर बोलू देत नाही, म्हणून लिहिते आहे. पत्राला मध्येच "बरं, मुद्द्यावर ये" असं म्हणता येत नाही.

मुद्दा असा की माझ्यावर मेमो निघालाय. घाबरू नका, चोरी केलेली नाही. खरं बोलले.

विमानतळावरच्या लाउंजमध्ये मी सहा वर्षं मागच्या खोलीत भांडी धुतली आणि मागच्या वर्षी पुढे काउंटरवर आले, हे तुम्हाला ठाऊक आहेच. जानेवारीत कंपनीच्या डोक्यात नवीन खूळ आलं. काउंटरच्या टोकाला एक हिरवी पाटी लावली, तिच्यावर पानाचं चित्र आणि खाली 'पौष्टिक कोपरा'. पाटीखाली काय, तर साखरेचा थर दिलेले कॉर्नफ्लेक्स, फळाच्या चवीचं गोड दही, डब्यातला रस आणि तपकिरी पाव. त्याचा तपकिरी रंगसुद्धा वरून दिलेला. मला हिरवा एप्रन बांधला आणि तिथे उभी केली.

गेल्या मंगळवारी दुपारी एक म्हातारे गृहस्थ आले. हातांवर भाजल्याच्या जुन्या खुणा. जन्मभर जहाजांचं वेल्डिंग केलेलं, हे मागाहून कळलं. तेरा तासांचं विमान, तेही अडीच तास उशिरा. त्यांनी सगळ्या काउंटरला तीन फेऱ्या मारल्या, किल्ली हरवल्यासारखं शोधत. केक, वेफर्स, चीजमध्ये बुडालेला पांढरा पाव, नूडल्सचे पेले. शेवटी माझ्यासमोर येऊन थांबले.

"बाई, मला मधुमेह आहे. पोटात टिकेल आणि साखर चढवणार नाही, असं यातलं काय खाऊ?"

मी पाटीकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

"काही नाही," मी म्हटलं.

"काहीच नाही?"

"पाणी आहे."

ते हसले, पण खुर्चीत बसले ते दमून. म्हणाले, "एकोणीस वर्षांनी भावाला भेटायला चाललोय. त्याच्या दारात भोवळ येऊन पडलो तर तो म्हणेल, आला तो आजारपण घेऊनच आला."

मग मी आत गेले आणि माझा डबा आणला. शिजवलेली मसूर, काकडी, दोन उकडलेली अंडी. त्यांनी शांतपणे चावून चावून खाल्लं, डबा स्वतः विसळून दिला आणि निघताना अभिप्रायाच्या कार्डावर काहीतरी लिहिलं. मी खूश!

तेच कार्ड माझ्या मुळावर आलं. त्यांनी लिहिलं होतं, "पौष्टिक कोपऱ्यात पौष्टिक काही नाही हे काउंटरवरच्या बाईंनी प्रामाणिकपणे सांगितलं आणि स्वतःचा डबा मला दिला. अशी माणसं जपा." वन्सं, कंपनीने मला जपायला घेतलंय.

मेमोत दोन ओळी आहेत. पहिली, मी नियम मोडून बाहेरचं अन्न प्रवाशाला दिलं. कबूल. नियम आहे, मोडला. दुसरी, "मी प्रवाशाला चुकीची माहिती दिली." दोन्हींच्या खाली माझी सही हवी आहे, पंधरा तारखेच्या आत.

तुमचा भाऊ लिफ्टच्या तारांमध्ये डोकं घालून बसला होता, तिथूनच म्हणाला, "ताईला विचार." म्हणून विचारते. सव्वीस वर्षं तुम्ही रुग्णालयाचं स्वयंपाकघर सांभाळता आहात, आजारी माणसाने काय खावं ते तुमच्याइतकं कोणाला कळतं? मी चुकीची माहिती दिली का? आणि सही करू का?

तुमची चिमणी

९ मार्च

चिमणे,

अक्षर सुधार. 'मसूर' मी आधी 'मयूर' वाचलं आणि घाबरले.

आधी कामाचं. पुन्हा असा माणूस आला तर पहिल्यांदा विचारायचं, इन्सुलिन घेतलंय का आणि कधी. हात थरथरत असतील, घाम फुटला असेल, तर तिथे शहाणपणा करायचा नाही, तोच डब्यातला रस आधी पाजायचा. तशा वेळी साखर हेच औषध. तसं काही नसेल तर तू दिलंस ते ठीक होतं. अंडी, डाळ, बिनसाखरेचं दही, मूठभर दाणे, सालासकट फळ. मीठ बेताचं, कारण तासन्‌तास बसून पाय सुजतात. हे सगळं कुठल्याही स्वयंपाकघरात अर्ध्या तासात तयार होतं. तुमच्याकडे होत नाही, कारण पाकीट अर्ध्या मिनिटात फुटतं.

आता मेमो. सही कर.

सही म्हणजे शाईचा एक फराटा. मोठ्या जागांमध्ये असली वाक्यं रोज लिहिली जातात, फायलीत जातात आणि तिथेच मरतात. सहा वर्षं खरकटं उपसून तू पुढे आलीस, एका ओळीपायी परत मागे जाऊ नकोस. तुझ्या सहीने त्या पावाचा रंग बदलणार नाही आणि सही न करण्यानेही बदलणार नाही.

इथे दोन ओळी खोडल्या आहेत. वाचायचा प्रयत्न करू नकोस.

वन्सं

१७ मार्च

वन्सं,

खोडलेल्या ओळी मी उजेडासमोर धरून पाहिल्या. फक्त 'चौदा' एवढं लागलं. बाकी तुम्ही चांगलं गिरगटलंय.

सही केली नाही.

पंधरा तारखेला मॅनेजरबाईंनी बोलावलं. त्यांच्या खोलीला खिडकी नाही, एक विमानाचा फोटो आहे. कागद पुढे सरकवला, पेनाचं टोपणसुद्धा त्यांनीच काढलं.

"बाई, तुम्हाला नोकरी नकोय का?"

"हवीय."

"मग सही करा."

"डबा दिला ही चूक झाली. त्याखाली आत्ता करते. दुसरी ओळ खोडा."

"कागद वरून आलाय. मला खोडता येत नाही."

"मग मलाही सही करता येत नाही."

त्यांनी पेन माझ्याजवळ सरकवलं. मग समजावणीच्या सुरात म्हणाल्या, "कोणी विचारलं तर 'सगळं ताजं आणि पौष्टिक आहे' एवढंच म्हणायचं असतं. प्रशिक्षणात शिकवलं होतं ना?"

"आजाऱ्याशी खोटं बोलायचं शिकवलं असेल, तर त्या दिवशी मी रजेवर असेन."

झालं. हिरवा एप्रन काढून घेतला आणि परत मागे, धुण्याच्या खोलीत. तीच वाफ, तोच साबण, तीच ओली चप्पल. पहिल्या दिवशी हात भाजला, सवय गेली होती. तुमच्या भावाने मलम लावलं आणि एवढंच म्हणाला, "लिफ्ट बिघडलेली असताना 'चालू आहे' अशी पाटी लावली, तर मला तुरुंगात टाकतील." तो इतकं लांबलचक वाक्य बोलल्याला वर्षं झाली असतील.

वन्सं, मी तुमच्यावर रागावले आहे. हे फोनवर सांगता आलं नसतं, म्हणून पत्र बरं. लग्न होऊन आले त्या आठवड्यात माझ्या हातून बरणी फुटली आणि मी ते मांजरावर ढकललं. तुम्ही मला स्वयंपाकघरात उभं करून म्हणालात, "मांजराला बोलता येत नाही म्हणून त्याच्या नावावर खपवतेस?" मला अशी लाज वाटली की आजतागायत तुमच्यापुढे खोटं बोललेले नाही. त्या वन्सं कुठे गेल्या? ही 'शाईचा फराटा' म्हणणारी कोण?

एप्रन काढून देण्याआधी मी एक काम केलं. पौष्टिक कोपऱ्यातल्या प्रत्येक पाकिटामागची बारीक अक्षरं उतरवून घेतली, माझ्याकडच्या मेमोच्या प्रतीच्या मागच्या कोऱ्या बाजूला. कॉर्नफ्लेक्समध्ये दुसऱ्या क्रमांकावर साखर. दह्यात दुधानंतर लगेच साखर. रसात फळ शेवटून तिसरं. पावात साखर, वर रंग. कागद सोबत पाठवते आहे.

तुम्ही आहारतज्ज्ञ आहात ना? वाचा आणि सांगा, मी खोटं बोलले का? हो की नाही, एका शब्दात सांगा. तुम्हाला थोडक्यात आवडतं.

चिमणी

२० एप्रिल

चिमणे,

नाही. तू खोटं बोलली नाहीस.

हा एक शब्द लिहायला मला महिना लागला. तुझा कागद माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे. रोज जेवणाची यादी करायला बसते आणि तो समोर येतो.

खोडलेल्या ओळी सांगते. चौदा हा खाटेचा नंबर. नऊ वर्षांपूर्वी आमच्याकडे चौदा नंबरवर एक बाई होती, हृदयाचा आजार. तिला बिनमिठाचं जेवण लिहून दिलेलं होतं. बिनमिठाचं पातेलं आम्ही वेगळं चढवतो. त्या आठवड्यात दोन माणसं कमी होती आणि तीन दिवस वेगळं पातेलं चढलंच नाही. सगळ्यांचंच सूप तिला गेलं. मला माहीत होतं. मी रोज म्हणत होते, उद्या चढवू. चौथ्या दिवशी बाईंच्या अंगात पाणी साठलं, श्वास लागला, अतिदक्षता विभागात हलवली. तिच्या नवऱ्याने लेखी तक्रार केली. अधीक्षकांनी माझ्यापुढे एक कागद ठेवला, "रुग्णास बिनमिठाचा आहार नियमित दिला जात होता." मी सही केली. नवऱ्याला उत्तर गेलं, फाइल बंद झाली. आठवड्याने बाईंना घरच्यांनी दुसरीकडे नेलं. ती वाचली की नाही, हे मी कधी विचारलं नाही. कळून घ्यायचं नव्हतं.

म्हणून तुला सही कर म्हटलं. तू केली असतीस तर माझीही हलकी झाली असती, इतकं साधं होतं ते. तुझ्या भल्याचं म्हणून सांगितलं असं वाटलं होतं, ते खरं नव्हतं.

तुझ्या कंपनीच्या मुख्य कार्यालयाला आज पत्र टाकलं आहे. तू पाठवलेला एकेक पदार्थ घेऊन लिहिलं आहे की मधुमेहाच्या माणसाला दीर्घ प्रवासाआधी पोटभर खाता येईल असं यात एकही नाही आणि तुमच्या कर्मचारी बाईंनी दिलेली माहिती अचूक आहे. खाली माझा हुद्दा, नोंदणी क्रमांक आणि पूर्ण नाव. कोणाला काही विचारायचं असेल तर मला विचारू दे.

भाजलेल्या हाताला पाणी लागू देऊ नकोस. धुण्याच्या खोलीत हे सांगणं मूर्खपणाचं आहे, तरी सांगते. हातमोजे मागून घे. देत नाहीत म्हणाले तर लेखी माग.

वन्सं

२४ मे

वन्सं,

तुमचं पत्र मी धुण्याच्या खोलीत वाचलं आणि पुन्हा वाचलं. रागवायचं ठरवलं होतं, जमलं नाही. रडले मात्र, पण तिथे सगळ्यांचेच डोळे वाफेने लाल असतात, कोणाला कळलं नाही.

आता इथलं ऐका. मुख्य कार्यालयातून दोघं आले, एक टायवाले साहेब आणि एक उंच बाई. माझी चौकशी. साहेबांनी तुमचं पत्र हातात धरलं होतं.

"या कोण?"

"माझी नणंद."

"म्हणजे नातेवाईक." त्यांनी पत्र लगेच खाली ठेवलं. "मग याला काय अर्थ आहे?"

"साहेब, नणंद आहे. नणंद भावजयीच्या बाजूने खोटं लिहील असं तुम्हाला वाटतं? तुमचं लग्न झालंय का?"

उंच बाईंना हसू आवरेना. त्यांनी तुमचं पत्र उचललं आणि खुर्ची ओढून नीट वाचायला घेतलं. साहेब दोनदा "चला" म्हणाले, त्या हलल्या नाहीत. शेवटी साहेबांना म्हणाल्या, "यातलं काय चूक आहे ते मला दाखवा."

मग काय केलं असेल? अन्न बदललं? छे! पाटी काढली. त्याच दुपारी दोन माणसं शिडी घेऊन आली आणि पान, हिरवा रंग, पौष्टिक, कोपरा, सगळं उतरवून घेऊन गेली. कॉर्नफ्लेक्स जागच्या जागी. मला सांगितलं, झालं गेलं विसरा, उद्यापासून काउंटरवर या.

मी म्हटलं, "मेमोवरची दुसरी ओळ खोडून द्या, मग येते."

"अहो, तुम्हाला परत घेतोय ना?"

"मी कुठे गेलेच नव्हते. इथेच मागे आहे."

आणखी बारा दिवस भांडी धुतली. त्या दिवसांत एक गंमत झाली. मागच्या खोलीत आम्हा बायकांसाठी मी दुपारी मसूर शिजवायची आणि अंडी उकडायची. वास बाहेर गेला. आधी सफाईवाल्या आल्या, मग सामान चढवणारे, मग एक दिवस विमानातल्या दोन मुली, कडक गणवेशात, ओठ रंगवलेले, मागच्या दाराशी उभं राहून विचारतात, "मावशी, आम्हाला मिळेल?" दिवसातून दोनदा उडतात आणि वेफर्सवर जगतात बिचाऱ्या. मॅनेजरबाईसुद्धा दोनदा वाटी घेऊन गेल्या, 'चव बघायला' म्हणून. दुसऱ्यांदा वाटी मोठी होती.

तेराव्या दिवशी त्या स्वतः धुण्याच्या खोलीत आल्या. नळ बंद करायला लावला. हातात मेमो. दुसऱ्या ओळीवर सरळ रेघ मारलेली आणि शेजारी त्यांची सही.

"वरून परवानगी आली?" मी विचारलं.

"नाही," त्या म्हणाल्या. "माझी मी मारली. काय व्हायचं ते होऊ दे."

मी हात पुसून पहिल्या ओळीखाली सही केली, त्यांच्यासमोर, ठळक. मग त्या म्हणाल्या, "दुपारच्या लांबच्या विमानाआधी तुमची मसूर पुढे ठेवता येईल? अर्ज मी करते, तुम्ही फक्त शिजवा."

आज दहा दिवस झाले. स्टीलचं पातेलं, बाजूला अंडी, काकडी, साधं दही, सालासकट सफरचंदं. पाटी नाही. मी लावू देत नाही. काल एका साहेबांनी विचारलं, "हे कशासाठी चांगलं?" मी म्हटलं, "भुकेसाठी." ते दोन वाट्या जेवले.

वर अजून निर्णय व्हायचाय. उद्या बंद करा म्हणतील, तर बंद होईल. पण मग कोणी विचारलं तर मी काय सांगणार ते आता सगळ्यांना ठाऊक आहे.

वन्सं, तुम्ही माझ्यासाठी लिहिलंत. चौदा नंबरच्या बाईंचं काय? त्यांच्या नवऱ्याने तक्रार लेखी केली होती ना? मग त्या कागदावर पत्ता असणार. एवढंच लिहिते. लहान तोंडी मोठा घास नको, असं तुम्ही म्हणालच. म्हणा.

चिमणी

२ जून

चिमणे,

म्हणत नाही.

पत्ता होता. मला नऊ वर्षं माहीत होता.

आधी अधीक्षकांकडे गेले. हे आता नवे आहेत, त्या वेळचे नाहीत. त्यांना माझा लेखी जबाब दिला, की मी खोट्या कागदावर सही केली होती आणि ती फाइल उघडावी. ते म्हणाले, "दोन महिन्यांत निवृत्त होताय, तुमचे कागद यात अडकतील." मी म्हटलं, "अडकू देत, पण पोच द्या." पोच घेतल्याशिवाय उठले नाही.

मग रविवारी सकाळी त्या पत्त्यावर गेले. दुसरा मजला, दाराबाहेर धुतलेले बूट वाळत घातलेले. बाईंनीच दार उघडलं. चिमणे, ती जिवंत आहे! बारीक झाली आहे, जिना चढली की धाप लागते, पण दारात उभी राहून मला विचारत होती, "कोण हवंय?" तिने मला बसवलं, पाणी दिलं.

मी सांगितलं. पातेलं, तीन दिवस, सूप, सही. काही राखून ठेवलं नाही, माणसं कमी होती ही सबबसुद्धा दिली नाही. मला वाटलं होतं ती शिव्या देईल किंवा क्षमा करेल. दोन्हींची तयारी करून गेले होते.

तिने काहीच केलं नाही. माझ्या हातातला पेला घेऊन खाली ठेवला. मग म्हणाली, "माझी थोरली बहीण रोज डबा घेऊन भेटायला यायची. तुमच्या रुग्णालयाने लेखी कळवलं की जेवण बिनमिठाचंच होतं. मग मीठ आलं कुठून? सगळे म्हणाले, बहिणीनेच चोरून काहीतरी खाऊ घातलं. ती शपथा घेत होती. नवऱ्याने तिला दाराबाहेर काढलं. नऊ वर्षं ती या घरात आलेली नाही."

चिमणे, मी समजत होते की ती सही फायलीत मेली.

तिने आतल्या खोलीकडे तोंड करून नवऱ्याला हाक मारली. तो दाढी करत होता, अर्ध्या गालाला साबण तसाच. ती त्याला म्हणाली, "इथे उभा राहा." मग माझ्याकडे वळली. "पुन्हा सांगा. पहिल्यापासून."

मी उभी राहिले आणि पुन्हा सांगितलं. तो मध्येच "पण तुमच्या पत्रात तर..." म्हणाला. मी म्हटलं, "ते खोटं होतं. खाली सही माझी होती." तो मटकन खुर्चीत बसला. गालावरचा साबण वाळत होता.

ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. धाप लागली होती, तरी आवाज चढवून म्हणाली, "ऐकलंस? आता तोंड धू आणि तिला घेऊन ये. मी फोन करणार नाही, चिठ्ठी देणार नाही. तू काढलंस, तू जाऊन आण."

तो तोंड धुऊन आला, बाहेरचे बूट ओलेच पायात चढवले आणि मला म्हणाला, "तुम्हीही चला. माझ्या तोंडून ती ऐकणार नाही."

मी त्याच्याबरोबर गेले.

वन्सं